बंदर देवरी, मुक्काम काही तास

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या देवरीला समुद्र नाही, ही विरोधकांनी उठवलेली अफवा आहे. आमच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 सुरतेजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशात पारादीपला संपतो. या टोकाला बंदर, त्या टोकाला बंदर. मधल्या माणसाने काय समजायचे? शिरपूरच्या सीमा तपासणी नाक्यावर चौदा चाकी गलबतांची रांग लागते. खलाशी ढाब्याच्या खाटेवर नांगर टाकतात, दाल तडका मागवतात आणि छत्तीसगडच्या दिशेने पुढच्या सफरीला लागतात. रेल्वे आमच्याकडे नाही, ती आमगावला जाऊन पकडावी लागते. म्हणजे बेटावरच्या लोकांची जी अडचण असते, तीसुद्धा आमच्यापाशी आहे. बंदराला आणखी काय लागते?

म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले, तेव्हा देवरीच्या चहाटपरीवर कान टवकारले गेले. 2029 पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असा संकल्प. पण हे लोक जहाजातून उतरून दिवसभर करतात तरी काय? चौकशीला मुंबईत नोकरी करणाऱ्या एका भाच्याला बॅलार्ड पिअरवर धाडण्यात आले.

त्याचा वृत्तांत ऐकण्यासारखा होता. सकाळी तरंगते हॉटेल धक्क्याला लागते. गोरे आजी-आजोबा नाश्ता उरकून खाली उतरतात. टिळा, झेंडूचा हार, थोडे ढोल-लेझीम. मग एसी बस. गेटवेसमोर फोटो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बाहेरूनच. आत लोकल असतात आणि लोकलमध्ये माणसे असतात, ती कार्यक्रमात नाहीत. अकरा-साडेअकराला चर्चगेटबाहेर डबेवाले. गावदेवीत मणिभवनात गांधीजींची धावती भेट. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट; खाली उतरायचे नाही, वरूनच हळहळायचे. ज्यादा पैसे भरले असतील तर धारावी. जेवण पंचतारांकित, त्यात तिखट सोडून सगळे. संध्याकाळी बस धक्क्यावर. जहाजात शिरताना कार्ड यंत्राला लावले की माणूस परत आल्याची नोंद होते. उशीर केलात तर जहाज थांबत नाही, पुढचे बंदर स्वखर्चाने गाठा. आणि रात्री सूप पिता पिता आजी म्हणते, मुंबई बघून झाली.

भाचा हसत होता. टपरीवर कुणी हसले नाही. बाबू, हा कार्यक्रम तर आम्ही वर्षानुवर्षे राबवतो आहोत.

आमचे जहाज नागपूरहून येते. अंतर दीडशेच्या आसपास किलोमीटर, त्यामुळे सकाळी निघालेले साहेब चहाच्या वेळेला नसले तरी जेवणाच्या वेळेला हमखास पोचतात. आदल्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना चुना पडतो. महिनोन्‌महिने न दिसलेला रोलर अचानक प्रकट होतो. रोवणीला गेलेल्या बाया-माणसांना बांधीतून बोलावून, डोक्याला मोरपीस लावून उभे करतात; साहेबांना आदिवासी नृत्य आवडते, आणि आदिवासींना मजुरी बुडालेली आवडते असा समज आहे. आश्रमशाळेची पोरे फुले घेऊन उन्हात. पुष्पगुच्छ, शाल, फोटो. गाडीत बसण्यापूर्वी साहेब विचारतात, काही अडचण? जमलेले अधिकारी एका सुरात सांगतात, नाही.

पीक नुकसानीचे पथक तर धोबीघाटवाल्यांचे सख्खे भाऊ. ते धानाची बांधी बांधावरून बघते, आणि बांधही हायवेलगतचाच निवडते. तुडतुड्याला ही गोष्ट कळत नाही, तो ककोडीकडच्या आडरानात जाऊन धान फस्त करतो. म्हातारा हात जोडून सांगतो, “साहेब, माजा धान तं तिकडल्या बांदीत आहे जी.” साहेब घड्याळ बघतात. चिचगडच्या पुढे जायचे तर अंधार होईल, आणि अंधाराबाबत सुरक्षेचे काही नियम आहेत. नियम साहेबांसाठी, तिकडल्या लोकांना अंधार रोजचाच.

गोंदियाला पालकमंत्रीही बरेचदा बाहेरच्या जिल्ह्यातले लाभतात. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला जहाज धक्क्याला लागते, झेंडा वर जातो, जहाज निघते. इतके नेमाने तर भरती-ओहोटीच होत असेल.

कुणी याला देखावा म्हणते. म्हणू देत, परंपरा राजमान्य आहे. 1911 साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, ती आठवण म्हणून गेटवे बांधला. उतरले तेव्हा तो नव्हताच. पुठ्ठ्याची प्रतिकृती बघून राजा दिल्ली दरबाराला गेला, असे सांगतात. दगडाची कमान पुरी झाली 1924 साली. आमचीही याला तयारी आहे. पुठ्ठ्याचा दवाखाना, पुठ्ठ्याचा पूल, पुठ्ठ्याचे धान साठवायचे गोदाम, सगळे भूमिपूजनाच्या मंडपात आम्ही पाहिलेले आहे. तेरा वर्षे हा काही फार मोठा काळ नाही. कुठे कुठे तो उलटूनही गेला आहे.

तेव्हा मिशनवाल्यांनी संकोच करू नये. जलक्रीडा हवी तर शिरपूरचे धरण आहे, माजी मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी 1950-51 मध्ये संपली, गाळ मात्र वारसाहक्काने आमच्याकडे राहिला. देवदर्शनाला धुकेश्वरी मंदिर. धारावीच्या जागी धान खरेदी केंद्र ठेवता येईल, उघड्यावर पडलेल्या पोत्यांचे फोटो फार सुंदर येतात, विशेषतः अवकाळी पाऊस आला तर.

एका कलमाबाबत मात्र आम्ही आग्रही आहोत: वेळेत न परतलेल्याला मागे ठेवण्याचे. मुंबईला जहाज सुटलेला प्रवासी निदान एक रात्र खऱ्या मुंबईत काढतो, लोकलमध्ये चेंगरतो, वडापावला तिखट म्हणतो. आमच्याकडे आजवर एकही साहेब चुकून मागे राहिलेला नाही. एकाने जरी चिचगडला मुक्काम केला, रात्री वीज गेली, डास चावले, सकाळी दवाखाना गाठला आणि डॉक्टरांची वाट बघितली, तर अहवालाची पाने वाढतील.

पण साहेब स्वतःहून चुकणार नाहीत, हे आता पटले आहे. म्हणून गावाने वेगळा मार्ग काढला आहे. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर अजून अविवाहित असल्याचे कळते. मुलगी ककोडीची दाखवायची. जावई सासरवाडीला आला की त्याला रात्रीचे जेवल्याशिवाय कोण सोडतो, आणि गाडीची किल्ली तर त्याच्याच खिशात असते.