नोटिशीचा हंगाम

नाशकात मृगाआधी एक पीक हमखास येतं : महापालिकेच्या नोटिसा. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या पडक्या वाड्यांच्या दारावर महापालिका कायद्याचं कलम 264 चिकटतं. वाडा धोकादायक, तात्काळ रिकामा करा. मालक ती नोटीस भाडेकरूला दाखवतो, भाडेकरू मालकाला कोर्टाचा कागद. वाळवी तेवढी दोघांचंही निःपक्षपातीपणे खाते. (काही भिंती तर गेल्या वर्षीच्या नोटिशीनेच धरून ठेवल्यात, असं आमचं मत.) तिकडे नदीकाठच्या काझीच्या गढीची माती दर पावसाळ्यात गोदावरीकडे सरकते आणि साहेब छत्री घेऊन पाहणीला येतात. गावठाणाच्या क्लस्टर पुनर्विकासाचं म्हणाल, तर काळजी नसावी. त्याची फाइल महापालिकेच्या राजीव गांधी भवनात, पक्क्या स्लॅबखाली आहे.