अनवट राहण्याची कष्टसाध्य कला

सुट्ट्या तोंडावर आल्या की रविवारच्या पुरवण्यांत 'अनवट' या शब्दाचा सुकाळ होतो. गर्दी नको, मॉल रोड नको, मक्याचं कणीस नको. जिथे कुणी गेलेलं नाही तिथे जायचं, असा धाडसी पर्यटकाचा बाणा असतो. मग सगळे धाडसी पर्यटक एकाच आठवड्यात स्पितीला जातात आणि तिथल्या कोंडीत एकमेकांना ओळखतात. या मंडळींच्या याद्यांत धाराशिव जिल्हा सहसा सापडत नाही. त्याचा जिल्हावासीयांना राग येतो, पण तो चुकीचा आहे. जी जागा अनवट ठिकाणांच्या यादीतही नाही, तिच्याहून अनवट ती कुठली? आणि हे यश आपोआप मिळालेलं नाही. डोंगर, बर्फ किंवा समुद्र आडवा आला म्हणून एखादा मुलूख अपरिचित राहिला, तर त्यात कसलं कर्तृत्व? इथे यातलं काहीच आडवं येत नाही. एकेकाळी जगाला ठाऊक असलेली जागा आपण चिकाटीने विसरायला लावली आहे.

तेरचंच घ्या. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर, असा पत्ता दिलेला आहे. तगर म्हणजेच आपलं तेरणाकाठचं तेर. म्हणजे मोबाइल, नकाशा, दिशादर्शक फलक यांतलं काहीही नसताना तांबड्या समुद्रावरच्या व्यापाऱ्याला तेर माहीत होतं. आज हे सगळं असून पुण्याच्या माणसाला ते सांगावं लागतं. तेरमध्ये सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे. तिची जवळची नातलग शोभावी अशी दुसरी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेतून 1938 साली निघाली. ती नेपल्सला असते, आणि तिला पाहायला आपल्याकडची माणसं व्हिसा काढून जातात. गावातलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मागून अर्धगोल आहे, म्हणजे मूळचं चैत्य. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या बांधकामांत त्याची गणना होते. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आलेल्यांतले किती जण तिकडे वळतात, ते त्या विटांनाच ठाऊक.

परंड्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. अहमदनगरला 1549 साली ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ या किल्ल्यात होती. विजापूरकरांनी ती 1632 साली उचलून नेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर बसून तिकडच्या पर्यटनाला हातभार लावते. वजन सुमारे 55 टन. म्हणजे सतराव्या शतकात 55 टनांची तोफ परंड्याहून हलली; एकविसाव्या शतकात 55 किलोचा पर्यटक परंड्याकडे हलत नाही.

नळदुर्गाबाबत तर सबबच उरत नाही. किल्ला सोलापूर–हैदराबाद महामार्गाला लागून आहे. लोक त्याच्या शेजारून शंभरच्या वेगाने, अनवट जागांच्या शोधात, पुढे जातात. बोरी नदीवर तटाला तट जोडून धरण बांधलं आणि धरणाच्या पोटातच महाल बसवला, अशी ही करामत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली पुरी झाली. भिंतीच्या आतल्या अरुंद जिन्याने खाली उतरलं की पाणी महालाच्या सज्जात माणूस कोरडा उभा राहतो आणि समोरून नदी पडद्यासारखी कोसळत असते. शेजारी नर आणि मादी असे दोन धबधबे. अट एकच: नदी भरून वाहायला हवी. इतर ठिकाणी धबधब्याचं वेळापत्रक पर्यटन खातं ठरवतं. इथे ते पाऊस ठरवतो, आणि या जिल्ह्यात पावसाला बांधील धरण्याची पद्धत नाही. खात्रीने काय दिसेल हे ठाऊक नसताना निघणं यालाच जर साहस म्हणायचं, तर याहून शुद्ध साहस परदेशी कंपन्यांच्या पॅकेजातही मिळणार नाही.

कुणी म्हणेल, तुळजापूरला लाखो माणसं येतात, मग जिल्हा अपरिचित कसा? माणसं येतात हे खरं, पण ती आईच्या दर्शनाला येतात. ओटी भरतात, कवड्यांची माळ घेतात आणि परततात. त्यात त्यांची काही चूक नाही. तिथून नळदुर्ग तीस-पस्तीस किलोमीटर आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही, हा व्यवस्थेचा संयम आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: गर्दी आली की जागेचं लोणावळं होतं, तेव्हा विसरलेलंच बरं. विसरण्याने जागा जपली जात असती, तर हा युक्तिवाद डोक्यावर घेतला असता. पण भिंतीवर बदाम कोरून त्यात दोन नावं लिहिणाऱ्याला एकांतच लागतो. राखणदार नसलेल्या ठिकाणी त्याचं लेखन अधिक विस्तृत होतं. तिसरा आक्षेप उन्हाचा. उन्हात भाजून घ्यायला लोक दुबईच्या वाळूत पैसे मोजतात. बालाघाटावर ते फुकट आहे.

राहिलं पाणी. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात राजा करकंड तेरापूरच्या लेण्यांत येतो. हा आपला पहिला नोंदलेला पर्यटक. मूर्तीपाशी एक गाठ दिसते, ती फोडतात, आणि पाण्याचा लोंढा येऊन लेणं भरून जातं. शहराजवळच्या धाराशिव लेण्यांशी या कथेचं नातं जोडलं जातं. जिल्ह्यात इतक्या कमी खोलीवर पाणी लागल्याची दुसरी नोंद शोधावी लागेल. हल्लीच्या धाडसी पर्यटकाने मात्र गाठी फोडू नयेत, बाटली बरोबर न्यावी.

नाव बदललं, आता लोक येतील, अशी एक आशा 2023 पासून आहे. पण जिल्हा धाराशिव झाला तरी शेळी उस्मानाबादीच राहिली आहे. देशभर ओळख तिचीच, त्यामुळे परगावी पत्ता सांगताना तिचा आधार घेतलेला बरा. तेरला जायचं असेल तर पेरिप्लसचा पत्ता अजून चालतो. दहा दिवस लागत नाहीत, आणि पैठणहून निघताना पूर्वेपेक्षा जरा आग्नेयेला धरावं. ग्रीकाचं तेवढं चुकलं आहे.