ग्रुपवरचं पथ्य

आमच्या सोसायटीत पूर्वी माणसं आडनावानं ओळखली जायची. २०१८च्या सुमारास ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असं विचारायची पद्धत पडली. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची मंडळी दिवसातून दोनदाच जेवायची, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांच्या पंथातल्या थोड्या थोड्या वेळानं खायच्या, वर साजूक तूपही घ्यायच्या. हळदीकुंकवाला खिरापतीची वाटी पुढे करताना यजमानीण आधी अंदाज घ्यायची.

दोन वेळा जेवण्याची मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकरांची. दीक्षितांनी तिची मोहीम केली आणि ती घरोघर नेली व्हॉट्सअ‍ॅपनं. ‘अहो, भात जरा कमी घ्या,’ हे बायको वर्षानुवर्षं सांगत होती, तेव्हा ज्यांनी ताटातून मान वर केली नाही, ते गृहस्थ ग्रुप अ‍ॅडमिनच्या एका मेसेजवर एचबीएवनसी ही साखरेची तपासणी करायला लॅबच्या रांगेत उभे राहिले.

यात ज्ञानाचा भाग थोडा, चारचौघांचा जास्त. चातुर्मासात वांगं सोडणारा माणूस ते सगळ्यांना सांगून सोडतो. मग भरल्या वांग्याचा कितीही वास सुटला तरी मोडायची सोय राहत नाही. ग्रुपचंही तसंच. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनं आजवर आपल्याला पुष्कळ छळलं. आता तीच पहाटे उठवून चालायला लावते, हे एका परीनं बरंच झालं.

मात्र चारचौघं आले की चढाओढही आली. रोज १०,००० पावलं हा आकडा लोकप्रिय केला तो १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रानं. कुणा वैद्यानं नाडी पाहून तो सांगितलेला नाही. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका रात्री अकराला पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालून तो पुरा करतात. एका रविवारी त्यांनी फोन नातवाच्या खिशात घालून त्याला खाली खेळायला पाठवलं. त्या दिवशी काका ग्रुपमध्ये पहिले आले.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण ज्या वाटेनं पावलं येतात, त्याच वाटेनं ‘हा रस घ्या, गोळ्या कायमच्या बंद’ हेही येतं. फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा चाप व्हॉट्सअ‍ॅपनं एप्रिल २०२०मध्ये लावला. काकूंनी त्यावर कॉपी-पेस्ट शिकून घेतलं.

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा मनानं बदलल्या, तर साखर धोकादायक उतरू शकते. हे ग्रुपवरच्या अंगठ्याला कळत नाही. तेव्हा चालायला, जिभेला लगाम घालायला ग्रुपचं खुशाल ऐका. गोळीला हात लावायचा असेल, तर ज्यानं तुम्हाला तपासलंय त्या डॉक्टरला विचारा. आणि भाताचं म्हणाल, तर बायकोचंच ऐका. ती ग्रुपच्या आधीपासून सांगतेय.