दिवाणखान्यासाठी रस्ता सिद्ध करण्याचा विधी

संज्ञा

पथकलेपासून स्फूर्ती घेतलेले मिश्रमाध्यम पॉप चित्र म्हणजे रस्त्यावरील भिंतीची सर्व लक्षणे अंगी असलेली, परंतु स्वतः रस्त्यावर कधीही न गेलेली कलाकृती होय. यातील 'मिश्रमाध्यम' म्हणजे एकाच पृष्ठभागावर रंग, छापील कागद, कापड, पत्रा असे भिन्न पदार्थ नांदविण्याची रीत; पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचे छापील मेणकापड चित्रात चिकटवून भोवती दोराची चौकट दिली, तेथपर्यंत या रीतीची वंशावळ मागे नेता येते. 'पॉप' ही संज्ञा जाहिराती, चित्रकथा व डबाबंद खाद्यपदार्थ यांना चित्रविषयाचा मान देणाऱ्या प्रवाहाची असून तो १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये उगम पावला व पुढे अमेरिकेत फोफावला. अँडी वॉरहॉल याची सूपच्या डब्यांची ३२ चित्रे १९६२ मध्ये लॉस एंजेलिस येथे फळीवर ओळीने मांडली गेली, तेव्हापासून वाणसामान व चित्र यांत फरक उरला तो केवळ किमतीचा, असे मानण्यास हरकत नाही.

अधिकार

हा विधी करणाऱ्यास रस्त्याचा परिचय असणे आवश्यक नाही. किंबहुना तो नसल्यास चित्र अधिक निर्धास्तपणे बंडखोर होते. कीथ हेरिंग याने १९८० पासून न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांत, जाहिरातीची जागा रिकामी असताना तेथे लावल्या जाणाऱ्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रे काढली आणि त्यापायी त्याला अनेकदा अटकही झाली. साधकास अटकेचा केवळ परिणाम हवा असल्याने त्याने खडूऐवजी खडूसारखा दिसणारा, न पुसला जाणारा रंग वापरावा, हे इष्ट.

साहित्य

ताणून बसविलेला कॅनव्हास, जुनी भित्तीपत्रके, रंगाचे फवारे, स्टेन्सिलसाठी जाड पुठ्ठा आणि मैद्याची खळ एवढे साहित्य पुरते. भित्तीपत्रके चिकटविणारे कामगार खळ शिजवताना कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात. दिवाणखान्यात कीड येणार नाही अशी खात्री असली तरी मोरचुदाचा उल्लेख चित्राच्या माहितीपत्रकात अवश्य करावा, कारण ग्राहकावर त्याचा प्रभाव पडतो. ज्यास कॅनव्हासही मवाळ वाटेल त्याने मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांचा दाखला ध्यानी घ्यावा; त्यांनी दुकानाला असते तसे लोखंडी शटरच चित्रफलक म्हणून वापरले व ते वर सरकविल्यावर आत दुसरे चित्र दिसेल अशी योजना केली. मात्र असे शटर उद्वाहनात मावत नाही, ही अडचण आधीच विचारात घ्यावी.

विधी

प्रथम भित्तीपत्रकांचे तीन-चार थर एकावर एक चिकटवावेत व वरचा थर पुरता वाळण्यापूर्वी तो पात्याने खरवडून फाडावा, म्हणजे कडेला कागदाचा पांढरा तंतू उघडा पडतो आणि खालच्या नटाचा अर्धा डोळा वरच्या उमेदवाराच्या जोडलेल्या हातांमधून डोकावू लागतो. चिकटविण्याऐवजी फाडून चित्र घडविण्याच्या या क्रियेस 'देकोलाज' म्हणतात. जाक व्हिलग्ले व त्यांचे सहकारी यांनी १९४९ पासून पॅरिसच्या भिंतींवरची फाटकी पत्रके उतरवून आणली, तेव्हा फाडण्याचे काम अनोळखी वाटसरूंनी व पावसाने आधीच विनामूल्य केलेले होते. आजच्या साधकास ते दोन्ही घटक घरी उपलब्ध नसल्याने सारी बेफिकिरी स्वतःच, आणि तीही मोजूनमापून, करावी लागते.

त्यानंतर स्टेन्सिल, म्हणजे अक्षराच्या आकाराची खिडकी कापलेला पुठ्ठा, घ्यावा. देवनागरीत 'व' कापताना त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून त्यास बाहेरच्या पुठ्ठ्याशी जोडणारी बारीक पट्टी राखावी लागते आणि रंगात तेवढीच फट उमटते. ही फट वस्तुतः नाइलाज आहे, परंतु समीक्षक तीस शैली म्हणतात, तेव्हा साधकाने दुरुस्ती करण्याच्या भरीस पडू नये. शेवटी रंग पातळ करून ओघळ सोडावेत. भिंतीवर ओघळ येतो तो पोलीस येण्याआधी हात उरकावा लागतो म्हणून. येथे कोणीच येणार नसल्याने ओघळास घाई दिसेल इतका वेळ द्यावा.

फलश्रुती

हा विधी यथासांग पार पाडणाऱ्यास काय प्राप्त होते, याविषयी लिलावगृहांची साक्ष निर्णायक आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅनहॅटनच्या भिंतींवर मित्राच्या साथीने 'सामो' या नावाने वचने लिहिणाऱ्या बास्कियाचे १९८२ मधील एक चित्र २०१७ मध्ये ११ कोटी डॉलरांहून अधिक किमतीस गेले. बँक्सीचे फुग्याकडे हात पसरलेल्या मुलीचे चित्र २०१८ मध्ये लंडनच्या लिलावात विकले जाताच चौकटीत दडविलेल्या यंत्राने अर्धे कातरले गेले आणि २०२१ मध्ये त्याच चिंध्यांना सुमारे १ कोटी ८६ लक्ष पौंड मिळाले. यावरून रस्त्याचा राग बाजाराला चावत नाही, उलट त्याची भूक वाढवितो, एवढे सिद्ध होते.

साधकाने एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लागू होतो, दिवाणखान्यातल्या कॅनव्हासला नाही. तोच फवारा, तेच अक्षर आणि तोच ओघळ बाहेर असला तर दंडास पात्र ठरतो आणि आत असला तर मानास. म्हणून फवाऱ्याचा डबा हलविण्यापूर्वी आपण भिंतीच्या कोणत्या बाजूस उभे आहोत, हे नीट पाहून घ्यावे.