दार लावून बघितलं का?

गाडी घ्यायचा विचार आपल्या मनात येतो आणि तो आपल्याआधी ज्याला कळतो, असा एक माणूस प्रत्येक कॉलनीत असतोच. आमच्या सिडकोत त्यांना नाना म्हणतात. तुम्ही बँकेतून कर्जाचा फॉर्म आणलेला असतो, बायकोलाही अजून सांगितलेलं नसतं, आणि फाटकाशी नाना हजर. "कोणती घ्यायलास?" तुम्ही नाव सांगता. नाना डोळे मिटतात. बराच वेळ मिटलेलेच ठेवतात. मग हळूच विचारतात, "दार लावून बघितलं का?"

नानांचं सगळं मोटारशास्त्र या एका प्रश्नावर उभं आहे. मायलेज कुणीही सांगतं, इंजिनाची ताकद कागदावर छापलेली असते. पण दार लावल्यावर 'ढप्प' वाजलं तर ती गाडी आणि 'ठण्ण' वाजलं तर तो डबा. अधलंमधलं काही नाही. शोरूममधली पोरं पाणी विचारतात, स्क्रीन दाखवतात, सनरूफ उघडतात. नाना वर बघतही नाहीत. ("आपल्याकडच्या मे महिन्यात डोक्यावर काच कशाला पाहिजे रे?" हा त्यांचा एक मुद्दा मला मनापासून पटतो.) ते सरळ ड्रायव्हरच्या दाराशी जातात, वीतभर उघडतात, कान तिरपा करतात आणि दार सोडतात. मग मागचं. मग पलीकडची दोन्ही. शेवटी डिकी. जालना रोडवरच्या एका शोरूममधला पोरगा तर आता नाना आत शिरताना दिसले की आपणहून चारी दारं उघडून बाजूला उभा राहतो.

हे गाडीपुरतंच राहिलं असतं तर चाललं असतं. पण नाना फ्रिजचं दार लावून बघतात, लिफ्टचं बघतात, पाहुण्यांच्या घरी कपाटाचं बघतात. पुतण्याच्या लग्नात नवरदेव सजवलेल्या गाडीत बसला, करवली बसली, बँडवाल्यांनी सुरुवात केली आणि नानांनी दार लावलं. आवाज मनासारखा आला नाही म्हणून उघडून परत लावलं. दोन्ही खेपेला नवरदेवाच्या शेल्याचं टोक दारातच. "भाड्याची दिसती," नानांनी जमलेल्या वऱ्हाडाला जाहीर केलं.

मी एकदा धीर करून त्यांना सांगितलं, की हा आवाज कारखान्यात मुद्दाम घडवतात. दाराच्या पत्र्याला आतून जाड पट्ट्या चिकटवतात, कडेनं रबराची बीडिंग बसवतात, आवाज खर्जातला यावा म्हणून पगारी इंजिनिअर डोकं लावत असतात. टक्कर झाल्यावर माणूस वाचतो तो सांगाडा, सीटबेल्ट आणि एअरबॅगमुळे. ते तपासायला क्रॅश टेस्ट असते. 2023 च्या ऑक्टोबरपासून तर आपल्या देशाचीच 'भारत एनकॅप' सुरू झाली, तिचे स्टार बघावेत. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तबल्याला शाई पण मुद्दामच लावतात. म्हणून काय तबला खोटा?"

या श्रद्धेचं मूळ शेंद्र्यात आहे. तिथं स्कोडा येण्याआधी या शहराला चाकं म्हटलं की वाळूज आठवायचं. 1985 पासून तिथं बजाजचा कारखाना. स्कूटर, रिक्षा, मोटारसायकली. दाराचा प्रश्नच नाही. मारुती 800 ला दारं होती, पण नानांच्या मते ती झाकणं. मग 2001 मध्ये शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळायला लागली. नाना तेव्हा चिकलठाण्याच्या एका कंपनीत परचेसला होते. एके संध्याकाळी साहेबांनी त्यांना आपल्या नव्या ऑक्टाव्हियातून क्रांती चौकापर्यंत सोडलं. नाना उतरले, दार लावलं, आणि साहेब गेले तरी तिथंच उभे राहिले. पुढं काही वर्षांनी त्यांनी तीच गाडी जुनी घेतली. अर्थातच डॉक्टरची. सेकंडहँड घ्यावी तर डॉक्टरची, कारण डॉक्टर गाडी पळवत नाही आणि सर्व्हिसिंग चुकवत नाही, असा त्यांचा उपसिद्धांत आहे. डॉक्टरनं विकायला काढली म्हणजे निदान झालेलं असणार, असं मी म्हणालो. आठवडाभर बोलले नाहीत.

ही ऑक्टाव्हिया कव्हराखाली असते. रोजच्या कामाला स्कूटर. रविवारी कव्हर निघतं, आणि बसणाऱ्यानं दाराला हात लावायचा नाही हा नियम. जगाच्या गाड्यांची दारं आपटणारे नाना स्वतःच्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालून चारी दारं स्वतः लावतात. एकदा आम्ही त्यांच्याबरोबर वेरूळला निघालो. दौलताबादच्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते, तर नानांनी खाली उतरून दोन्ही आरसे मिटले, कमानीचा अंदाज घेतला, मागं लागलेल्या रांगेच्या शिव्या खाल्ल्या आणि मगच गाडी काढली. बावन्न दरवाजांच्या शहरात राहून एवढं तर करावंच लागतं म्हणे. पुढं किल्ल्यात, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून दरवाजाला ठोकलेले अणकुचीदार खिळे बघून नाना थबकले. बोटाच्या पेरानं लाकूड वाजवलं. "हा खरा फाइव्ह स्टार. क्रॅश टेस्ट डायरेक्ट हत्तीची." दार लोटायला त्यांनी खांदा लावला, तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी वाजली.

2010 ची गोष्ट सांगताना मात्र ते देवळात बोलावं तसा आवाज खाली आणतात. त्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दमात 150 मर्सिडीज घेतल्या. सुमारे 65 कोटींचा सौदा. स्टेट बँकेनं 7 टक्क्यांनी कर्ज दिलं. देशभर बातमी झाली. मागास मागास म्हणून हिणवलेल्या मराठवाड्याची कॉलर ताठ झाली. नानांचा हिशेब वेगळा: "दीडशे गाड्या म्हणजे सहाशे दारं! एकदम लावली असती तर पार जालन्यापर्यंत ऐकू गेलं असतं." त्याच डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं होतं, की याच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी याहून कितीतरी चढं व्याज भरावं लागतं. मी ते काढलं. नानांचं गाव पैठणकडं, भाऊ अजून शेती करतो. ते बराच वेळ गप्प बसले.

"ट्रॅक्टरला दार नसतं ना," शेवटी म्हणाले. "मग बँकेत आवाज कसा जाईल?"

2024 च्या जुलैत बिडकीनला टोयोटा येणार म्हणून करार झाला, तेव्हा कॉलनीत पेढे वाटणारे नाना एकटेच. इलेक्ट्रिकचीही त्यांना धास्ती नाही. इंजिनाचा आवाज एकदाचा गेला की गाडीला आवाज उरणार तो दाराचा, असं त्यांचं गणित. मी त्यांचं न ऐकता मायलेज बघून छोटी गाडी घेतली, तिला ते तोंडावर 'डबा' म्हणतात. आमच्याकडे चहाला आले की आधी डब्याचं दार लावून बघतात, रबर बसून आवाज सुधारला असेल या आशेनं.

पण बाबांचं बायपास झालं, त्यांना घरी आणायचा दिवस आला, आणि सकाळीच फाटकाबाहेर कव्हर काढलेली ऑक्टाव्हिया उभी होती. वार होता मंगळवार. कुणी बोलावलं नव्हतं. "डब्याचे धक्के टाक्यांना सोसायचे नाहीत," एवढंच म्हणाले. दवाखान्याच्या दारात त्यांनी बाबांना मागच्या सीटवर टेकवलं, छातीशी धरायला उशी दिली, आणि दार आपटलं नाही. दोन्ही तळहातांनी ते दाबत दाबत नेलं. इतक्या वर्षांत नानांना दार असं लावताना मी पाहिलं नव्हतं, आणि त्याबद्दल काही बोलावं असं मला तरी सुचलं नाही. मग सगळे खड्डे तोंडपाठ असलेल्या माणसासारखी, म्हणजे जवळजवळ पायी चालावं इतकी हळू, गाडी निघाली. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवून थकले.

आकाशवाणी चौकापर्यंत आलो असू, तेव्हा मागून बाबांचा बारीक आवाज आला, "नाना, दार नीट लागलं नाही वाटतं. आवाजच आला नाही."

नानांनी गाडी कडेला घेतली. उतरले, वळसा घालून आले, दार उघडलं आणि लावलं. ढप्प.

"आता लागलं," बाबा म्हणाले.

नाना स्टिअरिंगवर येऊन बसले आणि पार घरापर्यंत माझ्याकडे बघत, मान हलवत राहिले. "बघ," म्हणाले, "बायपास झालेल्या माणसाला कळायलंय. आणि तू मायलेज बघतोस."