हॅचबॅकला फुटले पंख

सिकंदराबादेत हल्ली हॅचबॅकलाही पंख फुटतात. डिकीवर विंग, बंपरखाली स्प्लिटर आणि स्टिअरिंगमागे स्वयंघोषित रेसर!

विज्ञान मात्र हौसेला भीक घालत नाही. विंगचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 200 किलोमीटरला ती गाडीला जेवढी दाबते, त्याचा पंचविसावा हिस्सा 40 ला; आणि संध्याकाळी पॅराडाइज चौकात 40 मिळायला नवस बोलावा लागतो. शिवाय बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, विंग दाबते मागची. स्प्लिटरनं पुढची चाकं रस्त्याला चिकटवायची, तर इथे तो स्वतःच गतिरोधकाला चिकटतो.

हुसेनसागरच्या काठी 11 फेब्रुवारी 2023 ला खरी शर्यत झाली, फॉर्म्युला ई ची. 2024 ची फेरी रद्द झाली; त्याच काठच्या टँकबंड रस्त्यावरचे रेसर मात्र अजून सरावच करताहेत.

वेगाची खरी हौस असेल, तर आधी उत्तम टायर आणि ब्रेक घ्या, मग चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा किंवा कोइमतूरचा ट्रॅक गाठा. विंग शेवटी. शोभेसाठीच हवी असेल, तर निदान तिच्यावर कपडे वाळत घाला.