निसर्गाचे शिरस्तेदार

निसर्गाने मनुष्यप्राण्याच्या नावे कोणता आहार लावून दिला आहे, याचा निकाल लागेपर्यंत पेन्शनीत दुसरा उद्योग करावयाचा नाही, अशी प्रतिज्ञा केलेला एक तरी गृहस्थ पुण्याच्या प्रत्येक पेठेत असतोच. आमच्या आळीत हा मान एका निवृत्त शिरस्तेदारांकडे आहे. तीस वर्षे मामलेदार कचेरीत जमिनीचे कज्जे चाळण्यात गेल्यामुळे, देह हीदेखील एक मिळकतच असून तिचे मूळ कागदपत्र दाढांच्या आड कोठेतरी दडलेले आहेत, अशी त्यांची दृढ श्रद्धा झाली आहे.

त्यामुळे आल्यागेल्याला बसावयास पाट मिळण्यापूर्वी 'आ करा' असा हुकूम होतो आणि मनुष्य हा कच्चा शाकाहारच करण्यास जन्मला आहे, हे शाबीत करण्यासाठी तोंडाचा पंचनामा सुरू होतो. वाघाचा जबडा केवळ वरखाली चालतो, आपला मात्र गाईसारखा आडवाही फिरतो, हा पहिला पुरावा. मांसभक्षक श्वापदाचे आतडे आखूड, आपले लहान आतडेच सुमारे वीस फूट, हा दुसरा. आणि 'क' जीवनसत्त्व माकडाला स्वदेहात बनविता येत नाही तसे आपल्यालाही येत नाही, अर्थात फळे हे उभयतांचे सामाईक वतन, हा तिसरा. "मग या चार सुळ्यांचे काय?" असे कोणी विचारलेच, तर गोरिलाचे सुळे आपल्याहून कितीतरी मोठे असूनही तो बहुतांशी पाला आणि कोंभच खातो, सबब दात दाखविणे आणि दातांनी खाणे ही दोन निरनिराळी खाती होत, असा खुलासा तयार असतो. मात्र आपल्या लाळेत पिष्ट पचविणारे द्रव्य असते, म्हणजे भाताची सनदही तोंडातच आहे, हा मी नम्रपणे पुढे केलेला दाखला मुदतीबाहेरचा म्हणून फेटाळला गेला. स्वतः गांधीजींनी १९२९ साली कच्च्या अन्नाचा प्रयोग करून, प्रकृती बिघडल्यावर तो सोडून दिला, हे सांगून पाहिले. त्यावर 'ते बॅरिस्टर होते, त्यांना महसुली काम ठाऊक नव्हते' एवढाच शेरा मिळाला.

या खटल्यात खरा युक्तिवाद केला तो त्यांच्या सौभाग्यवतींनी, आणि तोही भाजी निवडता निवडता. "अहो, तुमच्या त्या गोरिलाला निम्मा दिवस चरावे लागते, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून परवडते. गाईला गवत पचवायला चार कप्प्यांचे पोट लागते, ते तुम्हाला देवाने दिले नाही, कारण अर्धे पचन मी चुलीवरच करून देते!" शिरस्तेदारांनी हे म्हणणे नोंदवून घेतले नाही, पण त्या दिवशी कच्च्या मेथीची ताटली तशीच परत गेली.

यंदा मात्र मोठीच आपत्ती ओढवली. त्यांच्या दातांनी एकामागून एक राजीनामे दिले आणि दंतवैद्याने नवी कवळी बसविली. मुख्य साक्षीदारच नाहीसे झाल्यावर कज्ज्याची वाट काय, असे मी भीत भीत विचारले, तेव्हा ते पानावर बसले होते. मुरलेल्या अंमलदाराच्या गांभीर्याने ते म्हणाले, "मूळ कागद गहाळ झाले, की वहिवाट प्रमाण मानावी."

वहिवाट त्यांच्यापुढे वाढलेलीच होती: मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार.